रहबामाचे तरुण सल्लागार आणि आपली कमिटी

शास्त्रपाठ : १ राजे १२:१–२०, गणना २७:१–११, १ करिंथ १६:१०–११

मंडळीच्या वार्षिक सभेत तरुणांना कमिटीवर घेण्याचा विषय निघाला, की कोणी तरी वडीलधारे गृहस्थ हमखास उभे राहतात आणि रहबाम राजाचे नाव घेतात. "शलमोनाच्या मुलाने वडिलांच्या वेळच्या म्हाताऱ्यांचा सल्ला टाकला, पोरांचे ऐकले, आणि राज्याचे दोन तुकडे झाले. शास्त्रातच लिहिले आहे!" एवढे बोलून ते खाली बसतात आणि विषयही त्यांच्याबरोबर खाली बसतो. शास्त्राचा आधार दिल्यावर पुढे बोलायचे कोणी? आम्ही हे भाषण निदान पाच-सहा वेळा ऐकले आहे. आणि खरे सांगायचे तर एकदा आम्ही स्वतःही केले आहे. यास्तव ह्या महिन्याच्या पाठात प्रथम तोच अध्याय उघडून पाहू, आणि त्यात जे लिहिले आहे ते नीट वाचू.

शलमोन मरण पावला. सर्व इस्राएल लोक रहबामाला राजा करण्यासाठी शखेमास जमले. त्यांची मागणी एकच होती : तुझ्या बापाने आमच्या मानेवर जड जू ठेवले आहे, ते थोडे हलके कर, म्हणजे आम्ही तुझी सेवा करू. रहबामाने तीन दिवसांची मुदत घेतली. वडील मंडळींनी सांगितले की, आज तू ह्या लोकांचा सेवक झालास तर हे निरंतर तुझे सेवक होतील. त्याच्याबरोबर वाढलेल्या तरुणांनी सांगितले की, जू आणखी जड करीन अशी धमकी दे. राजाने दुसरा सल्ला मानला आणि दहा वंश गेले ते गेलेच. इतके सर्वांना पाठ आहे.

आता १४ व्या अध्यायाचे २१ वे वचन काढावे. रहबाम राज्य करू लागला तेव्हा तो किती वर्षांचा होता? एकेचाळीस. आणि ज्या 'तरुणां'चा सल्ला त्याने घेतला ते त्याच्याबरोबर लहानाचे मोठे झालेले होते असे तो अध्याय दोनदा सांगतो (वचने ८ व १०). म्हणजे तेही चाळिशीच्या आसपासचेच असणार. मूळ इब्री भाषेत तेथे त्यांच्यासाठी जो शब्द आहे तो तर सरळ 'पोरे' असा आहे. चाळिशीच्या माणसांना पोरे म्हणण्यात लेखकाने त्यांचे वय सांगितले नसून त्यांची लायकी सांगितली आहे, असे आम्हांला वाटते. तेव्हा हा उतारा अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींच्या विरुद्ध वापरणे योग्य नव्हे. वापरायचाच झाला तर तो आमच्यासारख्यांच्या विरुद्ध वापरावा. आमचे वय रहबामाच्या त्या वेळच्या वयाहून थोडेसेच अधिक आहे, आणि मंडळीच्या कमिटीवर आमची पहिली निवड झाली ती "चला, ह्या खेपेस एक तरुण घेऊ" ह्या शब्दांनी झाली होती! त्या वेळी आमचा मुलगा सातवीत होता. तरुण संघाचे अध्यक्ष आजोबा झालेले आम्ही पाहिले आहेत. वाचकांनीही पाहिले असतील.

ह्या अध्यायात दुसरी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले लक्ष क्वचित जाते. राजासमोर बोलणाऱ्या लोकांचा पुढारी यराबाम होता. हा कोण? मागच्या अध्यायात (११:२८) त्याची ओळख आहे : शलमोनाने पाहिले की हा तरुण मेहनती आहे, आणि योसेफाच्या घराण्यावर जे वेठीचे काम होते त्यावर त्याला मुकादम नेमले. जू किती जड आहे ते ह्याने रोज डोळ्यांनी पाहिले होते. परंतु त्याला कोणी मसलतीस बोलावले नाही. शलमोनाने त्याला मारावयास पाहिले, तेव्हा तो मिसर देशात पळून गेला. राजवाड्यात वाढलेले, राजाच्या पंक्तीला बसणारे तरुण मसलतीत होते. ओझ्याखाली राबणाऱ्यांना ओळखणारा तरुण वेशीबाहेर होता. राज्य फुटले ते तरुणांचे ऐकल्यामुळे फुटले, की भलत्याच तरुणांचे ऐकल्यामुळे आणि ज्याचे ऐकायचे त्याला बाहेर ठेवल्यामुळे? पुढे यराबामाने सोन्याची वासरे केली, हे खरे. आम्ही त्याला संत म्हणत नाही. परंतु आपल्या मंडळ्यांतही कमिटीवर घेतलेला 'तरुण' बहुधा जुन्या पंचाचा मुलगा, पाळकसाहेबांचा भाचा किंवा खजिनदारांचा जावई असतो, आणि तो घरी शिकून आलेलेच बोलतो, हे आपण प्रामाणिकपणे कबूल करू.

येथे आम्हांला आमची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीच्या कमिटीने ठरविले की तरुणांचा एक प्रतिनिधी घ्यायचा. एक बावीस वर्षांची मुलगी निवडून आली. ती बी. कॉम. झालेली होती आणि एका चार्टर्ड अकाउंटंटच्या कचेरीत काम करीत होती. दुसऱ्याच सभेत हिशेब वाचून झाल्यावर तिने विचारले, "काका, इमारत फंडाच्या मुदत ठेवीची मुदत संपून किती दिवस झाले?" सभा एकदम गप्प झाली. आमचे खजिनदार सत्तरीचे, अत्यंत सचोटीचे गृहस्थ. त्यांना तो प्रश्न आपल्या सचोटीवरचा वाटला. पाळकसाहेब म्हणाले, "बाळ, ते मोठी माणसे बघतील," आणि नाताळच्या कार्यक्रमाचा विषय पुढे घेतला. चहा आला तेव्हा कप तिनेच फिरवले. आम्ही त्या वेळी चिटणीस होतो. मिनिट बुकात आम्ही लिहिले : हिशेब वाचण्यात आला व मंजूर करण्यात आला. तिचा प्रश्न लिहिला नाही. कोणी तसे करावयास सांगितले नव्हते. आमचे आम्हीच तसे केले, कारण खजिनदारांना वाईट वाटू नये अशी आमची इच्छा होती. ती मुलगी आणखी दोन सभांना आली आणि मग येईनाशी झाली. आम्ही म्हणालो, "पाहा, तरुणांना चिकाटी नसते."

जवळजवळ वर्षाने कळले की ती ठेव मुदत संपल्यापासून तशीच पडून होती आणि बँक तिच्यावर बचत खात्याचा दर देत होती. व्याजाचे जे नुकसान झाले त्यात शब्बाथशाळेची वर्षभराची पुस्तके आली असती. कोणी पैसे खाल्ले नव्हते. वृद्ध माणसाच्या लक्षात राहिले नव्हते, एवढेच. आम्ही तिच्या घरी क्षमा मागावयास गेलो. तिच्या आईने बसवून घेतले. ती म्हणाली, "काका, व्याजाचा राग नाही. मी मिनिट बुक वाचले. त्यात मी त्या सभेला हजर होते एवढेच आहे." आम्ही पुष्कळ उपदेश केले आहेत आणि थोडेबहुत ऐकलेही आहेत, पण ह्या वाक्याने आम्हांला जितके लाजविले तितके कशानेही नाही.

ती हजर होती एवढेच. हेच आपल्या पुष्कळ कमिट्यांवरील तरुणांचे वर्णन आहे. ह्या विषयावर रॉजर हार्ट नावाच्या अभ्यासकाने १९९२ साली युनिसेफसाठी एक निबंध लिहिला. त्यात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी काढली आहे. तिच्या अगदी खालच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांना हाताशी धरून आपलेच म्हणणे पुढे रेटणे, त्यांना शोभेसाठी उभे करणे, आणि त्यांना नावापुरती जागा देणे. ह्या तिन्हींना तो सहभाग म्हणतच नाही; खरा सहभाग चौथ्या पायरीपासून सुरू होतो. ही शिडी समोर ठेवून आपण आपला गेल्या वर्षाचा कारभार तपासला, तर काय दिसेल? कापणीच्या सणाला तोरणे बांधायला तरुण. खुर्च्या मांडायला तरुण. नाताळच्या गाण्यांना रात्री घरोघर हिंडायला तरुण. अर्पणासाठी क्यूआर लावायचे ठरले तेव्हाही धावपळ तरुणांची. परंतु अर्पणाचे पैसे कशावर खर्च व्हावेत हे ठरविताना एकही तरुण नाही. काम त्यांचे आणि ठराव आमचा, अशी ही वाटणी आहे.

कोणी म्हणेल, हे सारे नव्या जमान्याचे खूळ आहे, आपल्या वाडवडिलांनी असे कधी केले नाही. तर मग आपल्या मराठी मंडळीचा उगम कोठे झाला ते पाहू. १८०६ साली अमेरिकेतील विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी प्रार्थनेला जमले असता वादळ आले, म्हणून ते गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले, आणि तेथे त्यांनी दूरच्या देशांत सुवार्ता नेण्याविषयी प्रार्थना केली. चार वर्षांनी, १८१० च्या जून महिन्यात, अँडोव्हर येथे ईश्वरविज्ञान शिकणाऱ्या चार तरुणांनी मॅसॅच्युसेट्समधील मंडळ्यांच्या सभेपुढे एक अर्ज ठेवला. अर्ज नम्र होता. आमच्या मनात हे आहे. हे स्वप्नाळूपण समजून सोडून द्यावे की पुढे जावे, आणि गेलो तर आमच्या देशातून आधार मिळेल की दुसऱ्या देशातल्या मिशनकडे पाहावे, अशी त्यांनी वडिलांकडे विचारणा केली. आणखी दोघे सही करणार होते, पण एकदम सहा नावे पाहून वडील घाबरतील म्हणून त्यांची नावे काढून टाकली होती! वडील घाबरले नाहीत. त्यांनी त्याच सभेत परराष्ट्रीय कामासाठी बोर्ड नेमण्याचा ठराव केला. त्याच अमेरिकन बोर्डाचे दोन मिशनरी, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. हॉल अठ्ठावीस वर्षांचे होते, नॉट चोविसांचे. अर्जावर सही करणाऱ्यांपैकी नॉट हे एक. कंपनी सरकारने त्यांना परत जाण्याचा हुकूम दिला. त्यांनी अर्जांमागून अर्ज केले आणि शेवटी राहण्याची परवानगी मिळविली. हॉलसाहेब १८२६ साली नाशिककडे फिरतीवर असताना पटकीने वारले, तेव्हा त्यांचे वय एकेचाळीस होते, म्हणजे रहबाम गादीवर बसला तेवढे.

ह्या उदाहरणाचा आम्ही फाजील उपयोग करणार नाही. ते विद्यार्थी त्या बोर्डाचे सभासद नव्हते. बोर्डावर वयस्क माणसेच होती. परंतु तरुणांचा कागद सभेपुढे आला, तो वाचला गेला, आणि त्यावर ठराव झाला. आपल्याकडे तरुण संघाचा अर्ज "पुढील सभेत विचार करू" ह्या शेऱ्यासह फायलीत किती वर्षे राहतो, हे चिटणिसांना विचारावे.

आपल्याच भूमीतले एक उदाहरण देतो. १८८२ साली शिक्षणाच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या हंटर कमिशनपुढे पुण्यात एका चोवीस वर्षांच्या विधवेने साक्ष दिली. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा, १८८३ चा. मुलींच्या शाळांना स्त्री-शिक्षिका हव्यात आणि ह्या देशाला स्त्री-डॉक्टर हव्यात, हे त्यांनी कमिशनला सांगितले. पतीला जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. परक्या सरकारच्या कमिशनने तिचे म्हणणे लिहून घेतले. आणि आम्ही आमच्याच मंडळीतल्या मुलीचे लिहून घेतले नाही. असो.

आता गणनेच्या पुस्तकाचा २७ वा अध्याय पाहू. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, दर्शनमंडपाच्या दाराशी मोशे, एलाजार याजक, सरदार आणि सर्व मंडळी ह्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. आमचा बाप रानात मेला, त्याला मुलगा नव्हता, म्हणून त्याचे नाव का जावे. आम्हांला त्याच्या भाऊबंदांबरोबर वतन द्या, असे त्या म्हणाल्या. ह्या मुलींची लग्ने झालेली नव्हती, हे ३६ व्या अध्यायावरून समजते. मोशेपाशी त्या वेळी नियमशास्त्र होते, अधिकार होता, वयाचा मान होता. तो म्हणू शकला असता की असा नियम नाही, विषय संपला. त्याने तसे केले नाही. त्याने त्यांचे प्रकरण परमेश्वरापुढे नेले. आणि परमेश्वराने उत्तर दिले की त्या मुलींचे म्हणणे रास्त आहे. त्यांना वतन मिळाले. एवढेच नव्हे तर सर्व इस्राएलासाठी वारशाचा नियम बदलला. पुढे ३६ व्या अध्यायात त्यांच्या वंशाच्या वडिलांनी अडचण मांडली की ह्या परवंशात लग्न करतील तर जमीन जाईल, आणि तिचाही विचार झाला. तरुणांनी प्रश्न आणला, नियम बदलला, वडिलांनी त्यातली उणीव दाखविली, नियम आणखी नेमका झाला. चांगल्या कमिटीचे काम ह्याहून वेगळे काय असते? वडिलांची जागा तरुणांना द्या असे हा पाठ म्हणत नाही. दोघांची बाजू मांडली गेली आणि दोन्हींचा विचार झाला, असे तो सांगतो.

तीमथ्याविषयीचे १ तीमथ्य ४:१२ हे वचन तरुणांच्या मेळाव्यात फलकावर लिहिलेले असते आणि त्यावर दरवर्षी एक भाषण होते. आम्हीही केले आहे. त्या भाषणात सगळा भार तरुणांवर असतो : तुम्ही बोलण्यात, वागण्यात, प्रीतीत कित्ता व्हा, म्हणजे तुम्हांला कोणी तुच्छ मानणार नाही. खरे आहे. परंतु त्याच तीमथ्याविषयी पौलाने करिंथ येथील मंडळीलाही लिहिले आहे (१ करिंथ १६:१०–११), आणि ते वचन आम्ही कोणत्याही वडीलमंडळाच्या सभेत फलकावर पाहिलेले नाही. पौल तेथे मंडळीला बजावतो की तीमथ्य आला तर तो तुमच्यामध्ये निर्भयपणे राहील असे पाहा, कोणी त्याला तुच्छ मानू नये, आणि त्याला शांतीने वाटेस लावा. येथे भार मंडळीवर आहे. तरुणाला तुमच्या सभेत भीती वाटत असेल तर त्याचा जाब पौल मंडळीला विचारीत आहे.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही शास्त्रातलेच आहे, आणि ते टाळून चालणार नाही. नवशिक्याला अध्यक्षपद देऊ नये, तो गर्वाने फुगेल (१ तीमथ्य ३:६). सेवकांची आधी पारख व्हावी (३:१०). कोणावर हात ठेवण्याची घाई करू नये (५:२२). ही वचने आम्हांला मान्य आहेत, आणि एखाद्या विशीतल्या मुलाला एकदम खजिनदार करावे असे आम्ही म्हणत नाही. पण पारख व्हावी असे म्हणताना पारख होण्याजोगे काम द्यावे लागते. खुर्च्या मांडण्यावरून माणसाच्या निर्णयशक्तीची पारख होत नाही. फार तर पाठीच्या कण्याची होते. आणि 'नवशिका' हा शब्द तेथे विश्वासात नवीन असलेल्याविषयी आहे. जी मुलगी पाळण्यापासून मंडळीत आहे, जिने दहा वर्षे शब्बाथशाळेचा वर्ग घेतला आहे, ती नवशिकी कशी?

देशाचा कायदाही जरा पाहू. १८७२ चा करारविषयक कायदा आणि १८७५ चा सज्ञानतेचा कायदा ह्यांप्रमाणे अठरा वर्षे पूर्ण झालेला मनुष्य करार करू शकतो. त्याखालील मुलांनी मंडळीच्या मालमत्तेचे विश्वस्त होणे योग्य नाही. पैशाच्या ठरावावर त्यांची सही घेऊ नये. पण त्यांना सभेत बसवून त्यांचे मत ऐकायला कोणता कायदा आड येतो? मताधिकाराचे वय २१ वरून १८ वर आणणारी ६१ वी घटनादुरुस्ती १९८९ साली अमलात आली. ग्रामपंचायतीवर निवडून यायला एकवीस वर्षे पुरतात. म्हणजे आपल्या मंडळीतली बावीस वर्षांची मुलगी आपल्या गावाची सरपंच होऊ शकते. गावच्या पाण्याच्या टाकीचा ठराव ती मांडू शकते. आणि उपासनेच्या वेळेत अर्ध्या तासाचा बदल करण्यास मात्र ती लहान! प्रत्येक मंडळीची घटना वेगळी आहे, सभासदत्वाच्या अटी वेगळ्या आहेत. त्या आधी वाचाव्यात. आमचा अनुभव असा की घटनेत जेवढी मनाई असते असे लोक समजतात तेवढी ती नसते. पुष्कळदा मनाई फक्त सवयीत असते.

मग कसे करावे? आम्ही काही तज्ज्ञ नाही, ठेच लागलेले आहोत एवढेच. शौलाने दावीदाला आपले चिलखत घातले, ती गोष्ट आठवावी (१ शमुवेल १७:३८–३९). चिलखत वाईट नव्हते, राजाचे होते. पण दावीदाला त्यात चालता येईना, आणि त्याने ते उतरवून ठेवले. आपण तरुणाला कमिटीवर घेतो ते आपल्या सभेच्या चिलखतासह घेतो : सभा दुपारी, तो नोकरीवर, सभा मार्चमध्ये, तिची परीक्षा, विषय सभेत बसल्यावर कळणार, मागच्या वीस वर्षांचे भांडण माहीत असल्याखेरीज अर्धी चर्चा समजणार नाही. मग तो गप्प बसतो. विषयपत्रिका आणि हिशेबाचा कागद आठ दिवस आधी प्रत्येकाला मिळाला, तर निम्मी भीती जाते. व्हॉट्सॲपवर सकाळची वचने पाठविणाऱ्या आपल्या चिटणिसांना हे कठीण नाही.

एकटा तरुण घेऊ नये. निदान दोघे घ्यावेत, आणि त्यांत एक मुलगी असावी. एकट्याला दहा वडिलांपुढे तोंड उघडणे जड जाते, आणि तो बोललाच तर त्याचे बोलणे 'सगळ्या तरुणांचे म्हणणे' ठरते. दोघे असले की त्यांच्यात मतभेदही होतात. ते फार चांगले, कारण मग वडिलांना कळते की तरुण म्हणजे एक पक्ष नव्हे. त्यांची निवड तरुणांनी करावी. पंचांनी घरातला पोरगा पुढे ढकलू नये. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात हेल्लेणी विधवांची आबाळ होते म्हणून कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी लोकांनाच सात जण निवडावयास सांगितले. निवडलेल्या साती जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच भाषेच्या नावांची माणसे त्या कामावर नेमली गेली, आणि एकदा हात ठेवल्यावर प्रेषितांनी रोजच्या वाटणीत पुन्हा ढवळाढवळ केल्याचे कोठे लिहिलेले नाही. तसेच एखादे काम पैशासकट तरुणांच्या हाती द्यावे, मग ते शब्बाथशाळेचे अंदाजपत्रक असो, उन्हाळी बायबल शाळा असो किंवा वाचनालय असो. रक्कम लहान असली तरी चालेल. पण ती कशी खर्च करावी ह्याचा शेवटचा शब्द त्यांचा असावा, आणि हिशेबही त्यांनीच वार्षिक सभेपुढे उभे राहून द्यावा. चूक होईल. आमच्या हातून ठेवीची झाली तशी त्यांच्याही हातून एखादी होईल.

एक आक्षेप महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मंडळ्यांत वारंवार येतो, तो हा की तरुण टिकत नाहीत; शिक्षण संपले की पुण्याला, बंगळुरूला, परदेशी जातात, मग त्यांना कमिटीवर घेऊन काय उपयोग? जातात, हे खरे. पण ते जेथे जातात तेथेही मंडळी आहे. आपण शिकवून पाठविलेला सभासद त्या मंडळीच्या उपयोगी पडतो. शिवाय मुदत तीन वर्षांची असलीच पाहिजे असे कोठे आहे? तरुणांसाठी ती एका वर्षाची ठेवता येते.

आणि जे गावातच राहतात तेही जातातच. इंदूर-ग्वाल्हेरकडे ते हिंदी उपासनेला जातात, वडोदऱ्यास गुजराती, बेळगावकडे कानडी, हैदराबादेस तेलुगू किंवा इंग्रजी. आपण म्हणतो, मुलांना मराठीची आवड राहिली नाही. त्यांच्याशी बसून बोलल्यावर आम्हांला वेगळेच ऐकू आले. मराठी त्यांना घरात हवी आहे; आजीशी ते मराठीच बोलतात. पण उपदेशातले शब्द आजीही वापरत नाही, ते त्यांना कळत नाहीत, आणि कळत नाही असे सांगायची जागा नाही. उपासनेची भाषा, वेळ, गाण्यांची निवड हे ठरविणाऱ्या कमिटीत सर्वांत लहान सभासद जर पन्नाशीचा असेल, तर हा प्रश्न सभेपुढे येणारच कसा? मराठी मंडळी ह्या गावांतून राहणार की नाही हे पुढच्या वीस वर्षांत ठरणार आहे, आणि जे त्या वेळी असतील त्यांना विचारल्याशिवाय ते आज आम्ही ठरवीत आहोत.

आमच्या येथे काय झाले ते सांगून टाकतो. ज्या मुलीला आम्ही दुखविले होते तिला पुन्हा कमिटीवर येण्याची विनंती आम्ही केली. ती लगेच हो म्हणाली नाही. म्हणाली, "तो प्रश्न मिनिट बुकात लिहा, मग बघू." आम्ही तो विषय पुढच्या सभेत काढला. आम्हांला विरोधाची धास्ती होती. पण खजिनदारच प्रथम बोलले. ते म्हणाले, "लिहा. त्या दिवशी तिने मला वाचवायला विचारले होते, मला कळले नाही." जुन्या सभेच्या नोंदीत खाडाखोड करता येत नाही, म्हणून त्या दिवसाच्या मिनिटांत तारखेसह दुरुस्ती लिहिली, आणि अध्यक्षांनी सही केली. ती मुलगी आज कमिटीवर नाही. तिचे लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली. परंतु जाण्यापूर्वी तिने दोन धाकट्यांना ताळेबंद वाचावयास शिकविले, आणि खजिनदारही त्या वर्गाला बसत असत.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी. मोठ्या मुलांच्या वर्गात हा पाठ घेताना १ राजे १२ हा अध्याय प्रथम मुलांकडून वाचून घ्यावा आणि रहबामाचे वय किती असेल असे त्यांना विचारावे. उत्तर ऐकून घेतल्यानंतरच १४:२१ काढावे. मग वर्गाचे दोन भाग करून एकाने सलाफहादाच्या मुलींची आणि दुसऱ्याने त्यांच्या वंशाच्या वडिलांची बाजू मांडावी. पुढे एक खरा प्रश्न वर्गापुढे ठेवावा, आपल्या मंडळीत सध्या चालू असलेला : उपासनेची वेळ, छताची दुरुस्ती, गायकवर्गाची पेटी, काहीही. मुलांनी चर्चा करून एक ठराव आपल्या शब्दांत कागदावर लिहावा. त्यात शिक्षकाने शुद्धलेखनाखेरीज काही बदलू नये. तो कागद शिक्षकाने स्वतः चिटणिसांच्या हाती द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. आणि कमिटीने त्यावर जे ठरविले असेल, होकार असो वा नकार, ते कारणासह पुढच्या महिन्यात वर्गात येऊन सांगावे. हे सांगण्यासाठी शक्यतो एखाद्या पंचालाच बोलवावे.